ग्रासहॉपर आणि ११ ते १७ सेंटीमीटरची पट्टी

९ नोव्हेंबर २०२४

मामाने शेवटी खोका दिला. तीन वर्षं "बघतो, माळ्यावर असेल कुठेतरी" चालू होतं, आज स्वतःच खाली काढून ठेवलेला आणि वर म्हणतो, "चालत नाही हां ती, आधीच सांगतो, नंतर माझ्या नावाने ओरडू नकोस." मूळ खोका कधीच गेलाय, हा साधा पुठ्ठ्याचा, आत वर्तमानपत्रांचे बोळे आणि त्यात गाडी उलटी, चाकं वर करून झोपलेल्या झुरळासारखी.

तामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर, रिमोटवर चालणारी गाडी. १९८४ चं मॉडेल, १/१० स्केल, मोटरचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जाणारी बगी, किट नंबर ५८०४३. त्याच वर्षी हॉर्नेट पण आली होती, दोघींचं चॅसिस आणि गिअरबॉक्स एकाच घराण्यातलं, मुख्य फरक असा की हॉर्नेटला मोठी ५४० मोटर आणि पातळ पॉलिकार्बोनेटची बॉडी, हिला छोटी ३८० आणि कडक जाड प्लास्टिकची. २००५ ला तामियाने ग्रासहॉपर परत काढली त्यामुळे बरेचसे पार्ट नवे मिळतात, नाहीतर मी यात हातच घातला नसता.

आता अवस्था. बॉडीला ब्रशने निळा इनॅमल फासलाय, थर एवढा जाड की पॅनलच्या रेषा बुजल्यात. ड्रायव्हरला डोकं आहे, चेहरा नाही. सुटे टायर बॉडीवर टेकून ठेवले होते, ते इतक्या वर्षांत प्लास्टिकला चिकटून चक्क रुतलेत, उचलले तर खाली टायरच्या नक्षीचे खड्डे. मोटर ५४० बसवलेली, मूळची ३८० वेगळ्या पिशवीत तिच्या ॲडॅप्टरसकट. आणि चॅसिसच्या खालून, मागच्या बाजूला, स्टीलच्या फूटपट्टीचा एक कापलेला तुकडा दोन नट-बोल्टांनी आवळलेला. ११ ते १७ सेंटीमीटरचे आकडे अजून स्वच्छ वाचता येतात. भयंकर दिसतं. हे पहिलं काढणार.

१० नोव्हेंबर

रात्रभर विचार करून एक नियम ठरवलाय. गाडीत जे बदल करेन ते सगळे परत काढता आले पाहिजेत. बेअरिंग, नवा रिमोट, ऑइल डॅम्पर (धक्के जिरवणारे तेलाचे शॉक), काय वाट्टेल ते चालेल, पण चॅसिसला एकही नवीन भोक पाडायचं नाही. मामाने पट्टीसाठी दोन पाडलीत तेवढी पुरेत.

बॅटरीचं झाकण उघडलं (हिची बॅटरी खालून आत सरकते). आत जुना निकेल-कॅडमियमचा पॅक, ६ सेल, ७.२ व्होल्ट, आणि त्यातून पांढरी बुरशीसारखी पावडर बाहेर आलेली. ती बुरशी नसते, सेलमधलं अल्कली बाहेर येऊन वाळलेलं असतं, हाताला लागलं तर चरचरतं. ग्लोव्ह्ज घालून पॅक काढला आणि वेगळ्या डब्यात ठेवला, कॅडमियम विषारी आहे, साध्या कचऱ्यात टाकायचं नाही, बॅटऱ्या गोळा करतात तिकडे जाईल. कप्प्याला जुन्या टूथब्रशने व्हिनेगर लावलं, बारीक फसफस झाली, मग पाणी, मग हेअर ड्रायर. प्लास्टिकला काही झालेलं नाही, फक्त पितळी कनेक्टर हिरवा होऊन गेलाय.

१६ नोव्हेंबर

पुढचा बंपर सोडून पूर्ण खोलली. चार तास.

ज्यांना पुढे कधी जुनी जपानी गाडी खोलायचीय त्यांच्यासाठी एकच सांगतो, स्क्रू ड्रायव्हर जेआयएसचा, म्हणजे जपानी मापाचा घ्या. दिसायला फुलीच, पण साधा फिलिप्स त्यात नीट तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि स्क्रूचं तोंड खाऊन टाकतो. मामाने साध्यानेच खोल-बंद केलंय हे दिसतंच, निम्म्या स्क्रूंची तोंडं गोल झालीत. तीन तर निघेचनात. त्यांच्यावर सोल्डरिंग आयर्नचं टोक वीसेक सेकंद टेकवलं, स्क्रू तापला की भोवतालचं प्लास्टिक जरा सैल होतं आणि मग सुटतो. जास्त वेळ ठेवलं तर भोकाचंच पाणी होईल त्यामुळे मोजत बसलो, मोठ्याने, घरातल्यांना वाटलं पूजा चाललीय.

प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या डबीत, डबीवर चिकटपट्टी आणि नाव. फोटो ८०-९० काढले असतील.

पट्टी काढली. खाली चॅसिसला केसाएवढी चीर आहे, गिअरबॉक्स जिथे टांगला जातो त्या कानापासून आत दीड-दोन सेंटीमीटर. अच्छा, म्हणजे हे झाकायला पट्टी.

१७ नोव्हेंबर

गिअरबॉक्स. आतलं ग्रीस कानातल्या मळासारखं झालं होतं, रंगानेही आणि चिकटपणानेही. धातूचे गिअर रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने साफ केले, प्लास्टिकचे फक्त भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने. डिफरन्शियलचे बेव्हल गिअर धातूचे आहेत आणि ते एकदम टकाटक, चाळीस वर्षांनी सुद्धा, याचं मला फार बरं वाटलं. मोटरच्या शाफ्टवरचा पिनियन (छोटा गिअर) मात्र झिजून दातांची टोकं शार्कच्या पंखासारखी एका बाजूला कललेली. तो बदलणार, कारण झिजलेला पिनियन चालवत राहिलं तर तो शेजारच्या चांगल्या गिअरला पण स्वतःसारखं करतो.

परत भरताना लिथियम ग्रीस, थोडंसंच. दात चमकले पाहिजेत, बुडले नाही पाहिजेत.

२४ नोव्हेंबर

आजचा विषय चीर.

आधी प्लास्टिक कुठलंय ते बघायला हवं. कापसाच्या काडीला ॲसिटोन लावून चॅसिसच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात टेकवलं. लगेच मऊ, चिकट, काडीला काळं लागलं. म्हणजे एबीएस नावाचं प्लास्टिक किंवा त्याच्या नात्यातलं. नायलॉन असतं तर ॲसिटोनला त्याने विचारलंही नसतं (पुढच्या आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यावर करून बघितलं, ढिम्म). हे महत्त्वाचं का, तर एबीएसला गोंद लावायची गरजच नाही, ते विरघळवून एकमेकांत मिसळवता येतं. मामाने चिरेत इन्स्टंट ग्लू ओतलेला, तो काचेसारखा कडक होतो आणि पहिल्या उडीत सुटतो, तो आधी ब्लेडने खरवडून काढला.

मग एबीएसचा एक तुटका तुकडा बारीक कापून काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाकला, दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याची मधासारखी घट्ट लापशी होते. (काल रात्री करून ठेवली होती, खिडकी उघडी ठेवून, तरी डोकं दुखलं.) चीर जरा फाकवून आत ॲसिटोनचा हात दिला, मग लापशी भरली, क्लॅम्प.

पण त्याआधी. चीर जिथे संपते तिथे तिचं टोक सुईसारखं तीक्ष्ण असतं आणि सगळा ताण त्या टोकावर गोळा होतो, म्हणून ती पुढे पुढे जात राहते. उपाय एकच, टोकावर गोल भोक पाडायचं, म्हणजे ताण गोलाईवर पसरतो आणि चीर थांबते. दीड मिलिमीटरचं ड्रिल, हाताने फिरवून.

तर हो. एकही भोक पाडायचं नाही म्हणणाऱ्याने दोन आठवड्यांत भोक पाडलं. हे मोजायचं नाही असं मी ठरवलंय.

३० नोव्हेंबर

निळा रंग. दोन दिवस बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवली होती, इनॅमलला ढिम्म फरक नाही. मग जुन्या मॉडेलवाल्यांचा उपाय, ब्रेक फ्लुइड. मागच्या बाजूला थेंब टाकून तासभर बघितलं, प्लास्टिक ठीक, मग सगळी बॉडी ट्रेमध्ये. सहा तासांनी रंग सापाच्या कातेसारखा सुटायला लागला, टूथब्रशने नुसतं ढकललं की पापुद्रे. खालून पॅनलच्या रेषा, रिव्हेट, खिडकीची जाळी, सगळं वर आलं, मी अक्षरशः "अरे वा" असं एकटाच ओरडलो.

आणि मग लोभ. कोपऱ्यांत थोडा निळा राहिला होता म्हणून रात्रभर ठेवली. सकाळी मागच्या स्क्रू पोस्टच्या बुडाशी बारीक चिरा. जिथे प्लास्टिकवर आधीपासून ताण असतो तिथे असली रसायनं आत शिरून ते फोडतात, हे मला माहीत होतं, वाचलं होतं, लोकांना सांगितलंही होतं. चिरा आतून आहेत, लापशी लावून टाकली, दिसणार नाही. निळा कोपऱ्यांत अजूनही आहे.

७ डिसेंबर

रंगाखालची पांढरी बॉडी पांढरी नाहीये. निळ्याखाली जे झाकलं होतं ते हस्तिदंती आणि उघडं राहिलेलं आतलं वगैरे पार जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डसारखं पिवळं. उन्हाने आणि हवेने जुनं प्लास्टिक असं पडतं. रेट्रोब्राइट करायचं ठरलं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन.

केस रंगवायच्या आधी लावतात ते १२ टक्क्यांचं क्रीम, ४० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, ते ब्रशने सगळीकडे सारखं लावलं, वर क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळली म्हणजे वाळणार नाही, आणि उन्हात. दर तासाला फिल्म उघडायची, क्रीम परत पसरवायचं, बॉडी फिरवायची. हे "दर तासाला" कंटाळवाणं आहे पण टाळलं तर जिथे क्रीम वाळलं किंवा बुडबुडा राहिला तिथे ढगासारखे पट्टे उमटतात आणि ते मग जात नाहीत. माझा एक उमटला. डाव्या बाजूला, एका फोन कॉलच्या लांबीचा.

संध्याकाळी धुवून बघितली. दुधासारखी नाही, पण पांढरी म्हणता येईल. टायरचे खड्डे तसेच आहेत, ते रसायनाने जाणारे नव्हतेच, रबरातलं तेलासारखं द्रव्य प्लास्टिकमध्ये उतरून ते वितळलंय. पुट्टी भरून, घासून, रंगवून घालवता येतील. पण मग पूर्ण बॉडी रंगवावी लागेल आणि मूळचं प्लास्टिक कायमचं झाकलं जाईल. राहू देत.

८ डिसेंबर

ढगाळ. काही केलं नाही.

१५ डिसेंबर

इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे माझ्या आवडीचा भाग, त्यामुळे हे जरा लांबणार.

जुन्या गाडीत वेग कमी-जास्त कसा व्हायचा हे आताच्या पोरांना सांगितलं तर हसतात. एक सर्व्हो (रिमोटने सांगितलं तेवढंच फिरणारी छोटी मोटर) स्टिअरिंगला, आणि दुसरा सर्व्हो चक्क एक पत्र्याचा हात तांब्याच्या पट्ट्यांवरून सरकवायला. अर्ध्यावर ठेवला तर करंट मध्ये लावलेल्या सिरॅमिक रेझिस्टरमधून जातो, म्हणजे हळू चालवायचं तर उरलेली बॅटरी उष्णता म्हणून जाळायची. रेझिस्टर इतका तापतो की हात भाजेल. मामाच्या उजव्या अंगठ्यावर एक डाग आहे, लहानपणापासून बघतोय, आज विचारलं तर म्हणाला "तोच तो".

हा मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर साफ केला, तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या, बारीक पॉलिश पेपरने चमकवल्या, मीटर लावून बघितला, चालतो. आणि मग खोक्यात ठेवून दिला. त्याच्या जागी छोटा ब्रश्ड ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, दुहेरी टेपने, भोक नाही. सर्व्होचा एक खण मोकळा झाला, तिथे रिसीव्हर. जुना रिमोट २७ मेगाहर्ट्झ एएमचा, क्रिस्टलवाला, मीटरभर लांब अँटेना. दुसऱ्याची गाडी त्याच चॅनलवर असली की दोघांच्या गाड्या वेड्यासारख्या पळायच्या. आता २.४ गिगाहर्ट्झ, जोडी जमली की तो दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. अँटेनाची उभी नळी मात्र बसवली, रिकामीच, कारण तिच्याशिवाय गाडी बोडकी दिसते.

५४० मोटरवरचे कपॅसिटर. ब्रश आणि कम्युटेटरमध्ये ठिणग्या उडतात त्याचा रेडिओला त्रास होतो, तो दाबायला तीन लावतात, एक दोन टर्मिनलच्या मध्ये आणि एकेक टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला. एकाचा पाय तुटलेला. तिन्ही बदलले. डब्यावर सोल्डर धरत नाही ही नेहमीची तक्रार असते, तर आधी तिथे पॉलिश पेपरने घासून खालचा धातू उघडा करा, फ्लक्स लावा, आणि मोठ्या बिटाचं आयर्न घ्या. पेन्सिलसारख्या टोकाचं आयर्न डब्याला तापवूच शकत नाही, डबा सगळी उष्णता पिऊन टाकतो.

बॅटरीला लिपो (लिथियम पॉलिमर) घालायचा मोह झाला होता. पण कप्पा गोल सेलच्या आकाराचा, कडक चौकोनी लिपोचे कोपरे अडकतात, आणि कोपऱ्यांसाठी चॅसिस तासायचं म्हणजे नियम मोडला. ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड, ३०००, अगदी अलगद सरकला. ईएससीवरची बॅटरीचा प्रकार निवडायची पिन निकेलच्या बाजूला लावायला विसरू नका. लिपोवर राहिली तर बॅटरी अर्धी शिल्लक असताना गाडी मान टाकते आणि आपण तासभर वायरी तपासत बसतो. विचारू नका कसं माहीत.

२२ डिसेंबर

पुढच्या चाकांत प्लास्टिकच्या बुशच्या जागी ५×११×४ चे बॉल बेअरिंग. चाक बोटाने फिरवलं, आणि पाणी पिऊन आलो तरी फिरत होतं (ग्लास जवळच होता).

नायलॉनचे आर्म पाण्यात पंधरा मिनिटं उकळले. चेष्टा नाही, नायलॉन वर्षानुवर्षं कोरडं पडलं की ठिसूळ होतं, गरम पाण्यात ओलावा शोषून परत लवचिक होतं. जुन्या पातेल्यात केलं. आईने ते पातेलं आता मलाच देऊन टाकलंय.

टायर गेले. मागचे काट्यांचे टायर वाकवले तर काटे बिस्किटासारखे तुटले. नव्याने काढलेल्या किटचे टायर मागवले, बसले. जुने जपून ठेवलेत, का ते माहीत नाही.

२९ डिसेंबर

मागचे डॅम्पर. हिला मुळात नुसत्या स्प्रिंगा, तेल नाही. आणि मागचं सस्पेन्शन म्हणजे अख्खा गिअरबॉक्सच, मोटर आणि दोन्ही चाकांसकट एका पिव्होटवर वरखाली झुलतो. एवढं सगळं वजन झुलतं आणि त्याला आवरायला काही नाही, त्यामुळे गाडी उड्या मारत चालते. नाव नाकतोडा आहे आणि वागणंही तसंच, त्यात मला तरी काही वाईट वाटत नाही, उलट तेच बघायला मजा येते. पण थोडं आवरायला हवं. ऑइल डॅम्पर, सिलिकॉन तेल ४०० नंबर. भरताना पिस्टन हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे वर येऊ द्यायचे, पाच-दहा मिनिटं तसंच सोडायचं, मग परत. घाई केली तर आत हवा राहते आणि दाबल्यावर पचपच आवाज येतो. माझा उजवा दोनदा भरला.

जुळवणी. जुन्या प्लास्टिकच्या भोकात स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवायचा, हलक्या हाताने, एका जागी तो "टुक" करून खाली पडल्यासारखा बसतो, तिथे जुने आटे सुरू होतात. तिथून सुलटा. हे केलं नाही तर स्क्रू स्वतःचे नवे आटे पाडतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की भोकात धरायला काही उरत नाही.

पट्टी लावली नाही. खालून चॅसिस काळंभोर, एकसंध दिसतं. तिची दोन भोकं लापशीने बुजवून टाकली. आता भोकांचा हिशोब बरोबरीच्या पुढे.

४ जानेवारी २०२५

चालली!!

पहिलं तर उलटीच पळाली, ट्रिगर ओढला की मागे. रिमोटवर चॅनल उलटा केला, ईएससी नव्याने शिकवला, मग सरळ. मोकळ्या मैदानात वीस मिनिटं. ४०० चं तेल फार जड, मागची बाजू दाबली गेली की वर यायच्या आत दुसरा खड्डा, म्हणजे ती दबलेलीच राहते. घरी येऊन २०० भरलं. मोटरवर बोट टेकवता येतंय, म्हणजे फार तापत नाही.

मामाला व्हिडिओ पाठवला. निळी खूण, उत्तर नाही.

५ जानेवारी

तुटली.

मातीचा एक छोटा उंचवटा होता, गुडघ्याएवढाही नाही. तिसऱ्या उडीनंतर मागची बाजू लोंबायला लागली, उलटी करून बघितली तर चॅसिस फाटलंय. माझा जोड शाबूत आहे, भोक पण शाबूत आहे, आणि त्याच्या शेजारी सेंटीमीटरभर अंतरावर नवीन फट, मागच्या कडेपर्यंत सरळ.

रात्री मामाचा फोन, कालच्या व्हिडिओसाठी. मी अजून तुटल्याचं सांगितलंही नव्हतं. पहिलंच वाक्य, "छान झालीय रे. पण खालची पट्टी कुठे गेली?"

"काढली. घाण दिसत होती."

"मग तुटली असेल."

मी गप्प. मग त्याने सांगितलं. त्याच्याकडे ५४० लावल्यानंतर महिनाभरात तिथे चीर गेली, त्याने चिकटवली, ती शेजारून गेली, परत चिकटवली, मग त्याच्या लक्षात आलं की चिकटवून उपयोग नाही, वजन दुसरीकडे न्यायला पाहिजे. म्हणून पट्टी. मी समजत होतो चीर झाकायला लावलीय.

फोन ठेवून दोन्ही मोटरी वजनकाट्यावर ठेवल्या. ३८० साधारण ७० ग्रॅम, ५४० साधारण १६०. म्हणजे झुलणाऱ्या गिअरबॉक्सवर ९० ग्रॅम जास्त, आणि प्रत्येक उडीला ते खाली आपटतं, आणि ते सगळं पेलतात ते दोन छोटे कान. पट्टी त्या कानांच्या दोन्ही बाजूंना ओलांडून पुढच्या जाड भागापर्यंत जात होती. मी ती काढली, तिची भोकं बुजवली, आणि वर खूश झालो.

१२ जानेवारी

नवी फट पण भरली, तसंच, टोकावर भोक (दुसरं). मग मामाची दोन भोकं माझ्याच लापशीतून परत उघडली. यांना नवीन म्हणायचं का जुनी, मला आता खरंच कळत नाही.

३८० परत लावायचा पर्याय होता. लावून पण बघितली, तिच्या ॲडॅप्टरसकट, गाडी एकदम शहाण्यासारखी चालते, उड्या कमी, मागची बाजू शांत, मूळ किट असंच होतं म्हणजे नियमाच्या दृष्टीने पण बरोबर. मामाला सांगितलं तर म्हणाला, "३८० वर चालवायची तर मग खोक्यातच बरी होती." पाच मिनिटांनी काढली. ५४० परत.

पट्टी साफ करताना मागची बाजू पहिल्यांदा नीट बघितली. गंजाखाली काहीतरी कोरलंय, कंपासच्या टोकाने कोरतात तसं. "...ळेत आणायची ना..." आणि पुढे कापलेलं. गंज ब्रशने काढला, वर साधं मशीन ऑइल पुसलं, पॉलिश नाही केली. बोल्ट नवीन, नायलॉकचे (हादऱ्याने सैल न होणारे) नट, खाली रुंद वॉशर, मामाने वॉशर लावले नव्हते एवढीच माझी सुधारणा. आकडे बाहेरच्या बाजूला.

१९ जानेवारी

स्टिकर लावले. साबणाच्या पाण्यावर तरंगवून, म्हणजे सरकवता येतात. डाव्या बाजूचा पट्टा उमटलेल्या ढगावर बरोबर बसतो, नशीब. ड्रायव्हरला चेहरा काढला, तीन वेळा पुसला, चौथ्यांदा जरा चिडका आलाय, तो ठेवला.

मैदानात मामा पण आला. त्याच उंचवट्यावरून अकरा उड्या, मी मोजत होतो आणि तो मोजत नव्हता. काही तुटलं नाही. बाराव्या वेळी त्याने रिमोट घेतला आणि सरळ दगडावर घातली, पुढचा आर्म वाकून परत सरळ झाला, उकळलेलं नायलॉन.

घरी आल्यावर गाडी टेबलावर उलटी ठेवली होती, चाकं पुसायला. आई आली, चष्मा खाली करून बघितलं, आणि मग मामाकडे वळून म्हणाली, "ही माझी फूटपट्टी आहे."

मामा म्हणतो, "कुठली?"

"शाळेत आणायची नाही असं लिहिलं होतं मी तिच्यावर, तू नेतोस म्हणून. बाईंनी मला ओणवं उभं केलं होतं पट्टी नाही म्हणून. बाकीची कुठेय?"

बाकीची, म्हणजे ० ते ११ आणि १७ ते ३०, मामाला आठवत नाही असं तो म्हणतो. ० ते ११ बहुतेक पुढच्या बंपरच्या आत असावी असा मला संशय आहे, कारण तिथे दोन बुजलेली भोकं आहेत जी मी केलेली नाहीत. पुढच्या रविवारी बंपर काढून बघतो.